हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नाही: फ्रँचायझीसाठी सरकारी योजनेतलं कर्ज आणि थकलेला हप्ता

मागच्या श्रावणात नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरचा एक तरुण पासबुक घेऊन माझ्याकडे आला. ज्यूसच्या ब्रँडची फ्रँचायझी घेतलेली, दोन हप्ते थकलेले, तिसरा तोंडावर. पासबुकातल्या एका नोंदीवर त्यानं बोट ठेवलं. खात्यातून दरवर्षी कापली जाणारी हमी फी होती ती. म्हणाला, "दादा, हा विम्याचा हप्ता मी भरलाय ना? मग धंदा नाही चालला तर उरलेलं सरकार भरेल की." फाइल करून देणाऱ्या माणसानं त्याला तसंच सांगितलं होतं.

कर्जाच्या फाइली तयार करणं हे माझं रोजचं काम. त्याआधी इंदिरानगरात मी स्वतः आइस्क्रीमची फ्रँचायझी चालवली, बंद केली आणि कर्ज फेडलं. त्यामुळे या मुलाचा गैरसमज किती महागात पडतो हे मला ठाऊक आहे. म्हणून कर्ज घेण्याच्या आधीपासून थकबाकीपर्यंतची सगळी वाट इथे क्रमानं लिहितोय.

आधी हमी म्हणजे काय ते

सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या कर्जासाठी केंद्र सरकार आणि सिडबी (लघु उद्योगांसाठीची विकास बँक) यांनी २००० साली एक हमी ट्रस्ट स्थापन केला. बँकेत सगळे त्याला सीजीटीएमएसई म्हणतात. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाला त्याची हमी मिळू शकते. बँक घराची कागदपत्रं न घेता कर्ज देते, त्या बदल्यात ट्रस्ट बँकेला सांगतो की कर्ज बुडालं तर नुकसानीचा ठरावीक हिस्सा आम्ही देऊ. कर्जाच्या रकमेनुसार आणि कर्जदाराच्या गटानुसार हा हिस्सा साधारण ७५ ते ९० टक्के असतो.

हे पैसे बँकेला मिळतात. तुमच्या नावावरची बाकी एका रुपयानंही कमी होत नाही. दावा मिळाल्यावरही बँक वसुली चालूच ठेवते आणि तुमच्याकडून जे वसूल होईल त्यातला वाटा ट्रस्टला परत करते. पासबुकात दिसणारी फी ही घर तारण न ठेवता कर्ज मिळाल्याची किंमत आहे. मुद्रा कर्जाच्या मागेही अशीच एक वेगळी हमी असते आणि तिथेही हिशेब हाच.

पायरी पहिली: योजना निवडणं

छोट्या फ्रँचायझीला बहुतेक वेळा मुद्रा पुरते. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. तरुण कर्ज नीट फेडलेल्याला २०२४ पासून तरुण प्लसमध्ये २० लाखांपर्यंत मिळू शकतं. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ही मर्यादा आधी १० लाख होती, १ एप्रिल २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना ती २० लाख आहे. शाखेत कुणी घराचा उतारा मागितलाच तर शांतपणे लेखी मागणी करायला सांगा. पुष्कळदा विषय तिथेच संपतो.

अनुदान हवं असेल तर केंद्राची पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) आणि राज्याची सीएमईजीपी (मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम). त्यासाठी त्र्यंबक रोडला आयटीआयजवळच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे. अर्ज ऑनलाइन असला तरी एकदा स्वतः जाऊन या आणि आपला धंदा योजनेत बसतो का, या वर्षीचं उद्दिष्ट शिल्लक आहे का, हे विचारून घ्या. पीएमईजीपीचं अनुदान शहरात सर्वसाधारण गटाला १५ टक्के, विशेष गटाला २५ टक्के असतं. ग्रामीण भागात तेच २५ आणि ३५ टक्के होतं. हे पैसे हातात येत नाहीत, ३ वर्षं तुमच्या नावानं ठेवीत राहतात. दुकान त्याआधीच बंद पडलं तर ते परत जाऊ शकतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर उधारी करू नका.

नाशिकमध्ये मराठा समाजातली बरीच मुलं अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परतावा योजनेतून येतात. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेचार लाखांपर्यंत व्याज परत मिळू शकतं. तिथे दोन गोष्टी चुकतात. पात्रता प्रमाणपत्र, म्हणजे एलओआय, कर्ज मंजूर होण्याआधी काढायला हवं. आणि हप्ता आधी तुम्ही भरायचा, परतावा नंतर येतो. हप्ता थकला की परतावाही अडकतो, आणि नेमक्या अडचणीच्या महिन्यांत दोन्हीकडून ओढाताण होते.

पायरी दुसरी: ब्रँडचा करार, कर्जाच्या अर्जाआधी

माझं चुकलं ते इथे. मी कर्ज ५ वर्षांचं घेतलं आणि करार केला ३ वर्षांचा. तीन वर्षं संपल्यावर कंपनीनं नूतनीकरणासाठी नवी फी आणि नवं फर्निचर मागितलं. पाटी उतरवावी तर हप्ते २ वर्षांचे बाकी, ठेवावी तर आणखी पैसे ओतायचे. कराराची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा निदान एका वर्षानं जास्त असायला हवी. यावर तडजोड करू नका.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. सगळं १८७२ च्या करार कायद्यावर आणि तुम्ही सही केलेल्या कागदावर चालतं. म्हणून सहीआधी वकिलाला दाखवा आणि ही कलमं स्वतः वाचा: रॉयल्टी, म्हणजे ब्रँडला द्यायचा वाटा, विक्रीवर आहे की नफ्यावर, कच्चा माल कंपनीकडूनच घ्यायची सक्ती आहे का आणि त्याचे दर कोण ठरवतं, अनामत कधी आणि कोणत्या अटींवर परत मिळते, दुसऱ्याला दुकान हस्तांतरित करता येतं का, करार मोडल्यावर तोच धंदा करायला किती काळ बंदी आहे, आणि वाद झाला तर लवाद कुठे. लवाद दिल्लीत असेल तर ५० हजारांच्या अनामतीसाठी नाशिकहून कुणी तिकडे खेटे घालत नाही. माझी अनामत अशीच गेली.

'फोको' नावाचा प्रकार सध्या फार विकला जातो. पैसे तुमचे, दुकान कंपनी चालवणार, दरमहा ठरावीक परतावा मिळणार. कर्ज मात्र तुमच्या नावावर असतं. कंपनीनं चौथ्या महिन्यात पैसे थांबवले तर बँक कंपनीला फोन करत नाही. कर्ज काढून फोकोत जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

पायरी तिसरी: गल्ल्याचा हिशेब

कॉलेज रोडच्या एखाद्या छोट्या गाळ्यातलं चहा-नाश्त्याचं दुकान घेऊ. फ्रँचायझी फी ३ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ५४ हजार. फर्निचर ४ लाख, यंत्रं ३ लाख, गाळ्याची अनामत दीड लाख, पहिला माल ८० हजार, हाताशी दीड लाख. एकूण १४ लाख ३४ हजार. दुकानाला ५ टक्क्यांचा जीएसटी लागणार असेल तर फीवर भरलेल्या ५४ हजारांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. तो खर्च समजूनच चला. फी आणि गाळ्याची अनामत यांना बँका सहसा कर्जात धरत नाहीत, त्यासाठी स्वतःचे पैसे लागतात.

समजा ९ लाखांचं कर्ज साडेअकरा टक्क्यांनी ५ वर्षांसाठी मिळालं. हप्ता साधारण १९,८०० रुपये. आता महिन्याचा खर्च: भाडं २८ हजार, दोन मुलांचा पगार २६ हजार, लाइट बिल ९ हजार. हे ६३ हजार विक्री होवो न होवो द्यायचेच. विक्रीतले ४५ टक्के मालाला, ५ टक्के रॉयल्टीला. म्हणजे गल्ल्यातला निम्माच पैसा तुमचा.

रोजचा गल्ला साडेपाच हजार असेल तर महिन्याला १ लाख ६५ हजार. निम्मे ८२,५००. त्यातून ६३ हजार गेले की उरले १९,५००, आणि हप्ता १९,८००. दुकानात गर्दी दिसते, रोज साडेपाच हजार मोजून होतात, आणि महिनाअखेरीस घरात एक रुपया न नेताही हप्त्याला ३०० रुपये कमी पडतात. रोज ७ हजार झाले तर हप्ता जाऊन २२,२०० उरतात, तेव्हा कुठे घर चालतं. आपल्या दुकानाचा हा आकडा काढा. मग त्याच ब्रँडच्या, नाशिकबाहेरच्या तीन दुकानदारांना गल्ला विचारा. कंपनीनं दिलेल्या यादीतले दुकानदार नकोत, तुम्ही स्वतः शोधलेले हवेत.

यात सध्या एक मोह आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीवर हिशेब बसवून पंचवटी, द्वारका, मुंबई नाका या पट्ट्यात गाळे घेतले जातायत. पर्वणीची गर्दी खरी असते, पण हप्ते ६० असतात. प्रकल्प अहवालात सिंहस्थाचे महिने बाजूला काढून उरलेल्या महिन्यांवर हप्ता निघतो का ते बघा. शिवाय पर्वणीला वाहतूक वळवली तर तुमच्याच रस्त्यावर शुकशुकाट असू शकतो.

पायरी चौथी: फाइल

यात फारसं अवघड काही नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, तिचे पैसे कुणाला देऊ नका. आधार, पॅन, शॉप अ‍ॅक्ट, खाद्यपदार्थ असतील तर अन्न परवाना, गाळ्याचा भाडेकरार, यंत्रांची कोटेशन, ब्रँडचा करार, बँक स्टेटमेंट, विवरणपत्रं. सरकारी कर्जयोजनांच्या जनसमर्थ पोर्टलवर अर्ज करता येतो, पण शाखेत जाऊन शाखाधिकाऱ्यांशी बोलणं टाळू नका. पुढे अडचण आली तर हीच ओळख उपयोगी पडते.

मंजुरीपत्र घरी आणून वाचा. व्याजदर स्थिर की बदलता, पहिला हप्ता कधी, हमी फी किती, दंड आकार किती, काय काय नजरगहाण आहे (म्हणजे वस्तू तुमच्या ताब्यात, पण तारण बँकेला), जामीनदार कोण. दुकान सुरू व्हायच्या आधीच हप्ता सुरू होणार असेल तर तीन-चार महिन्यांची सवलत तेव्हाच मागून घ्या.

आणि एक: निफाड-दिंडोरीकडच्या काकांची द्राक्षबाग तारणाला देऊ नका. कोर्टात न जाता तारण जप्त करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, पण गहाण ठेवलेली जमीन दावा लावून अडकवता येते. फ्रँचायझीच्या धंद्यात बाग ओढू नये.

पायरी पाचवी: हप्ता चुकणार असं दिसलं की

पहिला हप्ता चुकल्यापासूनचे ९० दिवस हा सगळ्यात मोलाचा काळ. बहुतेक माणसं नेमकी याच काळात बँकेचा फोन घेणं बंद करतात. मीही दोन आठवडे घेतला नव्हता.

बँकेच्या हिशेबात १ ते ३० दिवस थकबाकी म्हणजे एसएमए-०, ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२. ९० च्या पुढे गेलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, थकीत खातं. कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेपर्यंत हवे तसे पैसे काढता येणारं खातं, असेल तर बाकी सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिली किंवा ९० दिवसांत व्याजापुरताही भरणा झाला नाही, तरी खातं त्याच वाटेनं जातं. एनपीए होण्याआधी शाखेच्या हातात बरंच काही असतं, नंतर फाइल वसुली विभागाकडे सरकते.

रिझर्व्ह बँकेनं १७ मार्च २०१६ ला सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची एक चौकट लागू केली. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना ती लागू आहे, आणि धंदा अडचणीत आल्याचं जाणवताच कर्जदार स्वतःहून अर्ज करू शकतो. १० लाखांपर्यंतच्या कर्जाचा विचार शाखा पातळीवर होतो, त्यावरचा समितीकडे जातो. तीन मार्ग निघतात: खातं सुधारणं, म्हणजे थकबाकी भरून ते नियमित करणं, कर्जाची पुनर्रचना करणं, आणि दोन्ही जमत नसेल तर वसुली. पुनर्रचनेची नोंद सिबिलवर राहते. म्हणून खातं सुधारण्याचा मार्ग आधी मागा, पण एनपीए टाळायला पुनर्रचना हाच उपाय उरला असेल तर तीही घ्या.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पाथर्डीच्या मुलाला मी असा लिहून दिला:

"मा. शाखाधिकारी यांस,
माझ्या मुदत कर्ज खात्याचे जून व जुलै महिन्यांचे हप्ते मी भरू शकलो नाही. दुकानासमोरील रस्त्याचे काम सुरू असल्याने मे महिन्यापासून विक्री जवळपास निम्म्यावर आली आहे. मागील सहा महिन्यांच्या विक्रीचा तपशील, जीएसटी विवरणपत्रे व बँक स्टेटमेंट सोबत जोडले आहे. पुढील सहा महिने मी दरमहा ११,००० रुपये नियमित भरू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या १७ मार्च २०१६ च्या चौकटीनुसार माझ्या खात्याचा विचार व्हावा, ही विनंती."

यात तीन गोष्टी आहेत: कारण, पुरावा आणि जमेल असा आकडा. 'थोडा वेळ द्या' एवढंच म्हटलं तर अधिकाऱ्याला वर पाठवण्यासाठी हातात काहीच राहत नाही. आकडा लिहिताना भावनेच्या भरात मोठा लिहू नका. ११ हजार लिहून ११ भरणारा माणूस १८ हजार लिहून दोनदा चुकणाऱ्यापेक्षा बरा ठरतो. त्याच दिवशी जमतील तेवढे पैसे खात्यात भरा, दोन हजार का असेनात.

ब्रँडलाही त्याच आठवड्यात पत्र पाठवा. काही महिने रॉयल्टी माफ किंवा कमी करा, म्हणा. आपल्या गणितात रॉयल्टी महिन्याला आठ हजारांच्या घरात आहे, हप्त्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. गाळामालकाशीही बोला.

हप्ता भरायला अ‍ॅपवरून झटपट कर्ज घेऊ नका. सोनं गहाण ठेवायचंच असेल तर धंदा उभा राहणार याची खात्री असेल तरच.

पायरी सहावी: खातं एनपीए झाल्यावर

नोटीस आली की घाबरून पाकीट न उघडता ठेवू नका. आधी तारीख लिहा. सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस असेल तर ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. पुढे ताबा घेतलाच तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. १ लाखापर्यंतच्या येण्याला हा कायदा लागत नाही. तारण नसलेल्या छोट्या कर्जात बँक बहुधा दिवाणी दावा लावते. २० लाखांपासून पुढचे दावे न्यायाधिकरणात जातात.

धनादेश परत गेल्याची कलम १३८ ची नोटीस वेगळी. ती हातात पडल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर खटला उभा राहत नाही. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नाही म्हणून परत गेला तरी तशीच कारवाई होऊ शकते. ही फौजदारी बाब आहे, वकिलाशिवाय उत्तर देऊ नका. फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, पात्र असाल तर तिथे वकील मोफत मिळतो. मदत क्रमांक १५१००.

वसुली एजंट सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाही. शिवीगाळ, शेजाऱ्यांना सांगणं, दुकानात गिऱ्हाइकांसमोर तमाशा, हे सगळं नियमबाह्य आहे. तारीख-वेळ लिहून बँकेकडे तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते, माहितीसाठी १४४४८. आणि या दिवसांत झोप उडाली, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीतही बोलता येतं. मी त्या रात्री काढल्या आहेत. कर्जाची बोलणी करता येतात, पण ती करायला तुम्ही हवे आहात.

पायरी सातवी: दुकान बंद करायचं ठरलं तर

यंत्रं परस्पर विकू नका. फ्रीजर, कॉफी मशिन, ज्यूसर ही सगळी बँकेकडे नजरगहाण आहेत. न विचारता विकली तर विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. यंत्रांची यादी आणि गिऱ्हाइकाचा भाव घेऊन बँकेकडे लेखी परवानगी मागा आणि पैसे थेट कर्ज खात्यात भरा. सुटी यंत्रं भंगाराच्या जवळपास जातात, चालू दुकान चांगल्या किमतीला जातं. म्हणून टाळं लावण्याआधी हस्तांतराचा प्रयत्न करा. त्याला ब्रँड, गाळामालक आणि बँक तिघांची संमती लागते. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर अंतिम विवरणपत्र ३ महिन्यांत भरायचं, ते विसरू नका.

उरलेल्या बाकीसाठी एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस. ती मागताना आकड्यासोबत पैसा कुठून आणणार तेही लिहा. कर्जाला ट्रस्टची हमी असेल तर निर्णयाला वेळ लागू शकतो. लोक अदालतीत प्रकरण आलं तर अवश्य जा, तिथला निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून मुदती नीट वाचून सही करा. तडजोडीनं मिटलेलं खातं सिबिलवर 'सेटल्ड' दिसतं, पूर्ण फेडलेलं 'क्लोज्ड'. फरक थोड्या रकमेचा असेल आणि पुढे घरासाठी कर्ज लागणार असेल तर पूर्ण भरून टाका.

पैसे भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला, कोरे धनादेश आणि नजरगहाण उठवल्याचं पत्र हातात घ्या. दोन महिन्यांनी सिबिल तपासा. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

पाथर्डीच्या मुलाचं पत्र ७१ व्या दिवशी शाखेत पोचलं होतं. दिवाळीनंतर त्यानं दुकान सिडकोतल्या एका जोडप्याला हस्तांतरित केलं. त्यांचा धनादेश त्याच्या नावानं न घेता थेट कर्ज खात्यात जमा झाला. १ लाख ८० हजार बाकी राहिले. तो आता अंबडच्या एका कंपनीत नोकरी करतो आणि दर महिन्याच्या ७ तारखेला हप्ता भरल्याचा मेसेज मला पाठवतो.